अराबारीचे सालवन

पश्चिम बंगालमधील पूर्वीच्या मेदिनीपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात जमीन हळूहळू चढत छोटा नागपूरच्या पठाराकडे जाते. ही भूमी गंगेच्या गाळाची नव्हे. येथे जांभ्या दगडाची तांबडी, खडीमिश्रित माती आहे. उन्हाळ्यात ती विटेसारखी कठीण होते आणि पावसाळ्यात उघडी असेल तर ओघळीओघळीने वाहून जाते. भातशेती होते ती दोन उंचवट्यांमधील सखल पट्ट्यांत. उंचवट्यांवर पूर्वापार सालवृक्षांची वने आहेत. संस्कृत वाङ्मयात ज्याला ‘शाल’ म्हटले आहे तोच हा वृक्ष. महाराष्ट्रातील वाचकास सागाचे वन जसे परिचयाचे, तसे पूर्व व मध्य भारतातील ग्रामस्थास सालाचे.

ह्या जिल्ह्यातील अराबारी नावाच्या वनक्षेत्रात १९७० नंतरच्या काही वर्षांत एक प्रयोग झाला. प्रयोगाचा विषय वरकरणी वनस्पतिशास्त्राचा होता. परंतु त्यातून जे निष्पन्न झाले त्याने संपूर्ण देशाच्या वनव्यवस्थेस निराळे वळण लावले. तो प्रयोग समजून घ्यावयाचा तर प्रथम सालवृक्षाचा स्वभाव पाहिला पाहिजे.

खुंट आणि धुमारे

सालाचे बी उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते. फळास पंखासारख्या पाकळ्या असल्यामुळे ते वाऱ्यावर गिरक्या घेत काही अंतरापर्यंत जाते. मात्र ह्या बीजाची जीवनशक्ती फार अल्पकाळ टिकते. झाडावरून गळल्यावर साधारणतः आठवडाभरात त्यास ओलावा मिळाला नाही तर ते रुजत नाही. म्हणजे बी गळणे आणि पहिला पाऊस येणे ह्यांचा मेळ बसावा लागतो. मेळ बसून रोप उगवले, तरी उघड्या जांभ्या जमिनीवर त्याची मुळे खोल जाण्यापूर्वीच उन्हाळा येतो. रोपाचा वरचा भाग वाळतो, पुढील पावसात पुन्हा फुटतो, पुन्हा वाळतो. अशा रीतीने बियांपासून वन उभे राहण्यास दीर्घ काळ लागतो. बी गोळा करून, साठवून, सोयीच्या वेळी रोपवाटिकेत पेरावे हा मार्गही ह्या वृक्षाच्या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही.

ह्याची भरपाई निसर्गाने दुसऱ्या रीतीने केली आहे. सालाचे झाड जमिनीलगत तोडले असता उरलेल्या खुंटाच्या सालीखालील सुप्त अंकुर जागे होतात आणि त्यांतून अनेक धुमारे जोमाने वर येतात. ह्या धुमाऱ्यांना नवी मुळे करावी लागत नाहीत. जुन्या झाडाची खोल गेलेली मुळे, त्यांत साठलेले पिष्टमय अन्न आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचे जाळे हे सर्व त्यांस वारशाने मिळते. बियांपासून उगवलेल्या रोपास ज्या उंचीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागते ती धुमारा अल्पावधीत गाठतो. एका खुंटावर अनेक धुमारे आले, तर दुबळे काढून एक-दोन जोमदार तेवढे राखावे; आठ-दहा वर्षांत त्यांपासून घराच्या वाशांना, वयांना व खांबांना योग्य असे लाकूड मिळते.

तथापि ह्या शक्तीस मर्यादा आहे. धुमारे बोटाएवढे होताच कोणी तोडून नेले, पुन्हा फुटले तेव्हा पुन्हा तोडले, जे उरले ते शेळ्यांनी खुडले, असे वर्षानुवर्षे चालले तर मुळांतील साठा भरून निघत नाही. झाड झुडुपाच्या रूपात कसेबसे जगते. शेवटी खुंट कुजतो, त्यास वाळवी लागते आणि मग त्या ठिकाणी सालवन परत येण्याचा सोपा मार्ग कायमचा बंद होतो. अराबारीत १९७० च्या सुमारास बहुतेक खुंट ह्या अवस्थेच्या उंबरठ्यावर होते. वन दिसत नव्हते, पण ते जमिनीखाली जिवंत होते.

वन नाहीसे कसे झाले

ह्या स्थितीचे खापर केवळ मोळीविक्या स्त्रीच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. मेदिनीपूरची बहुतेक वने ब्रिटिश अमदानीत जमीनदारांच्या मालकीची होती. रेल्वे आल्यावर स्लीपर आणि लाकूड ह्यांना गिऱ्हाईक मिळाले व तोड वाढली. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी संपुष्टात येणार हे दिसू लागताच अनेक जमीनदारांनी वने शासनाच्या ताब्यात जाण्यापूर्वीच तोडून विकली. १९५३ च्या कायद्यानंतर वनखात्याच्या हाती जी वने आली त्यांतील पुष्कळशी अशी उजाड होती. वने उरली नाहीत म्हणून त्यांवर अवलंबून असणारी माणसे नाहीशी झाली, असे मात्र घडले नाही. संथाळ, लोधा, महातो आणि इतर भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे पूर्वीसारखीच वनाच्या काठी राहत होती. भाताचे एक पीक निघाल्यावर शेतात काम नसे. त्या महिन्यांत मोळी तोडून बाजारात नेणे हाच चुलीचा आधार होता.

वनखात्याने आपल्या परीने पहारे बसविले. परंतु शेकडो हेक्टरांमागे एक वनरक्षक आणि चहूबाजूंनी गावे, ही पहाऱ्याची रीत किती पुरी पडणार? रक्षक दिवसा एका टोकास असला तर कुऱ्हाड दुसऱ्या टोकास चाले. पकडलेल्यास दंड होई. दंड भरण्यासाठी त्यास अधिक मोळ्या विकाव्या लागत.

येथे एका सर्वसामान्य प्रश्नाची उकल करणे इष्ट होईल. एखादी स्त्री वनातून हिरवा धुमारा तोडते तेव्हा मोळीची पूर्ण किंमत तिला त्याच दिवशी मिळते. तोडीमुळे होणारे नुकसान मात्र शेकडो कुटुंबांत आणि येणाऱ्या अनेक वर्षांत वाटले जाते. तिने स्वतःस आवरले तर धुमारा वाचेलच असेही नाही, कारण शेजारच्या गावचा मनुष्य तो उद्या नेईल. तेव्हा संयम पाळणे म्हणजे केवळ स्वतःचे नुकसान करून घेणे होय. अमेरिकी शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन ह्यांनी १९६८ मध्ये हाच युक्तिवाद एका गाजलेल्या लेखात मांडला आणि सामायिक संपत्तीचा नाश अटळ आहे, ती एक तर शासनाच्या ताब्यात द्यावी अथवा खाजगी मालकीत वाटून टाकावी असा निष्कर्ष काढला. युक्तिवाद तर्कशुद्ध दिसतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, सामायिक संपत्तीचे वाटेकरी एकमेकांशी बोलत नाहीत, नियम करीत नाहीत आणि वनात कोणी परका शिरला तर त्यास अडवीत नाहीत. म्हणजे ज्या वनास धनी नाही त्याचे हे वर्णन आहे, गावाच्या सामायिक वनाचे नव्हे. ह्या दोहोंतील भेद एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने जगभरातील कुरणे, कालवे, मत्स्यक्षेत्रे व वने ह्यांच्या उदाहरणांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिला. त्या कार्याबद्दल २००९ मध्ये त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अराबारीत ह्यांपैकी कोणताही ग्रंथ कोणाच्या हाती नव्हता.

चौथा हिस्सा

वनसंवर्धनाचे प्रयोग करण्यासाठी नेमलेले विभागीय वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी ह्यांच्याकडे अराबारीचे क्षेत्र होते. त्यांच्या संशोधनाच्या लागवडी गुरे खात आणि माणसे तोडून नेत. ज्या भूखंडावर झाडांची वाढ मोजावयाची तेथे झाडेच उरत नसत. १९७१-७२ च्या सुमारास त्यांनी आसपासच्या गावांशी बोलणी सुरू केली. ग्रामस्थांचे म्हणणे सरळ होते: वनात न गेलो तर खावे काय? ह्या प्रश्नास पहाऱ्याने उत्तर मिळत नाही हे ओळखून त्यांनी काम, वनोपज व वाटा अशी तिहेरी योजना ग्रामस्थांपुढे मांडली.

अकरा गावांतील ६१८ कुटुंबांनी सुमारे १,२७२ हेक्टर क्षेत्राचे रक्षण करावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, परक्यासही पाळावयास लावावी. त्याच्या बदल्यात वनातील लागवडीची व निगराणीची कामे ह्याच कुटुंबांना मिळावीत, आणि तीही शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत निघावीत. वाळलेल्या काटक्या, पाने, फळे, अळंबी इत्यादी गौण वनोपज त्यांनी मोफत घ्यावे. पुढे वन वाढून लाकूड विक्रीस आले म्हणजे निव्वळ उत्पन्नाचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के रक्कम, त्यांच्यात वाटून द्यावी.

ह्या योजनेतील प्रत्येक अंग निरनिराळ्या कालावधीसाठी होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मजुरी आजच्या भुकेसाठी. पाने व काटक्या वर्षभराच्या मिठामिरचीसाठी. आणि चौथा हिस्सा दहा वर्षांनंतरच्या आशेसाठी. नुसती आशा दाखविली असती तर चूल पेटली नसती. नुसती मजुरी दिली असती तर काम संपताच कुऱ्हाड पुन्हा उचलली गेली असती. शिवाय हिशेबही उलटला. आता जो हिरवा धुमारा तोडी तो सरकारचा नव्हे, तर ६१८ कुटुंबांचा अपराधी ठरू लागला. एका रक्षकाचे डोळे चुकविणे सोपे. गुरे वळणाऱ्या पोरापासून पाणी आणणाऱ्या म्हातारीपर्यंत सर्वांचे डोळे चुकविणे कठीण.

सालाच्या खुंटांनी ह्या संधीचा लाभ तत्काळ घेतला. रोपे आणावी लागली नाहीत, खड्डे खणावे लागले नाहीत. तोड थांबली एवढेच पुरे झाले. काही वर्षांतच जेथे गुडघाभर झुडुपे होती तेथे डोक्यावर छाया आली. पालापाचोळा जमिनीवर टिकू लागला, त्यामुळे पावसाच्या थेंबांचा मारा अडला आणि पाणी वाहून न जाता मुरू लागले. सालाच्या मुळांशी सहजीवन करणारी अळंबी पावसाच्या आरंभी वर येऊ लागली. मोह, टेंभुर्णी, आवळा, बेहडा ही झाडे सालाच्या संगतीने वाढली.

वचनाचे काय झाले, हा प्रश्न मात्र पंधरा वर्षे लोंबकळत राहिला. चौथ्या हिश्श्याचे अभिवचन अधिकाऱ्याने दिले होते. राज्य शासनाची औपचारिक मान्यता त्यास नव्हती. अधिकारी बदलतात, मंत्रिमंडळे बदलतात. ग्रामस्थांपाशी कागद नव्हता, त्यांनी राखलेले वन तेवढे होते. लाकूड परिपक्व होऊनही वाटणीचा निर्णय होईपर्यंत त्यांनी ते तोडले नाही, ही गोष्ट वनाच्या उंचीपेक्षाही आश्चर्याची म्हटली पाहिजे. अखेर १९८७ मध्ये पश्चिम बंगाल शासनाने अराबारीतील २५ टक्के वाट्यास संमती दिली आणि १२ जुलै १९८९ च्या ठरावाने दक्षिण-पश्चिम बंगालमधील इतर वनांसाठीही ग्रामस्थांच्या वनरक्षण समित्या स्थापन करण्याची रीत घालून दिली. किमान पाच वर्षे रक्षण करणाऱ्यास वाटा मिळावा अशी अट त्यात होती. १ जून १९९० रोजी केंद्र शासनाने सर्व राज्यांना परिपत्रक पाठवून ह्याच मार्गाने जाण्याची सूचना केली. ‘संयुक्त वनव्यवस्थापन’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. २००६ च्या सुमारास देशात अशा समित्यांची संख्या एक लाखावर व त्यांच्याकडील वनक्षेत्र दोन कोटी हेक्टरांवर गेले होते.

वाटा कोणाच्या हाती

चौथ्या हिश्श्याची कीर्ती फार झाली. वस्तुतः ग्रामीण कुटुंबाच्या संसारात तो दहा-बारा वर्षांतून एकदा येणारा पाहुणा आहे. रोजचा आधार पानांचा. सालाची रुंद पाने खुडून, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी व द्रोण करणे हा त्या प्रदेशातील स्त्रियांचा मोठा उद्योग आहे. बिया वेचून तेलासाठी विकल्या जातात. ह्या बियांतील स्निग्ध पदार्थ कोकोच्या लोण्याऐवजी चॉकलेटच्या धंद्यातही वापरला जातो. ही सर्व वेचणी मुख्यतः स्त्रिया करतात. असे असून आरंभीच्या समित्यांत कुटुंबाचा प्रतिनिधी म्हणून पुरुषाचे नाव लिहिले गेले. पुढे नियमात दुरुस्ती होऊन पती व पत्नी दोघांचेही सभासदत्व मान्य झाले.

हा तपशील किरकोळ समजू नये. वन बंद करण्याचा ठराव करणे सोपे असते. त्याचा भार कोणावर पडतो ते पाहावे लागते. गावाजवळचे वन बंद झाले की सरपणासाठी स्त्रीस लांबच्या वनात जावे लागते, आणि लांबचे वन दुसऱ्या गावाने बंद केलेले असते. ठराव करणाऱ्यांत ती नसेल तर हा प्रश्न बैठकीत उपस्थितच होत नाही. ज्या कुटुंबास शेत नाही व केवळ शेळ्या आहेत त्यांच्या बाबतीतही तसेच.

हरियाणातील सुखोमाजरी ह्या लहानशा गावाने ह्या अडचणीवर काढलेला तोडगा मोठा मार्मिक आहे. १९५८ मध्ये निर्माण केलेला चंडीगडचा सुखना तलाव शिवालिक टेकड्यांच्या मातीने भरून येऊ लागला. केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंडीगड येथील शास्त्रज्ञांनी शोध घेतला असता गाळाचा बराचसा भाग सुखोमाजरीच्या वरच्या बोडक्या टेकड्यांवरून येतो असे दिसले. पी. आर. मिश्र ह्यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये तेथे पहिला मातीचा बंधारा झाला. बंधाऱ्याचे पाणी शेतास मिळू लागल्यावर टेकडीवर गुरे सोडू नयेत, अशी अपेक्षा होती. परंतु ज्यांच्या शेतास पाणी पोहोचत नव्हते त्यांनी आपली गुरे का आवरावीत? तेव्हा पाण्याचा समान वाटा प्रत्येक कुटुंबास देण्याचे ठरले, भूमिहीन कुटुंबासही. ज्यास शेत नाही त्याने आपल्या वाट्याचे पाणी दुसऱ्यास विकावे. ह्या एका नियमाने टेकडीचे रक्षण हे सर्वांच्या हिताचे झाले. कुंपण न घालता चराई थांबली, शेळ्यांची जागा म्हशींनी घेतली आणि टेकडीवर भाबर गवत माजले. दोर वळण्यास व कागद गिरण्यांस उपयोगी पडणाऱ्या ह्या गवताची विक्री गावच्या संस्थेकडे आली.

हक्क की अनुग्रह

गावाने वन सांभाळावे ही कल्पना मुळात नवी नाही. १८७८ च्या वनकायद्यात राखीव व संरक्षित वनांबरोबर ‘ग्रामवन’ हा तिसरा प्रकार होता. १९२७ च्या कायद्यातही तो राहिला. व्यवहारात मात्र तो बहुतांशी कागदावरच पडून होता. वनखात्याने डोंगर व गायराने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्यांच्या जनावरांस जागा उरली नाही, ही तक्रार महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात नोंदविली आहे. कुमाऊंच्या डोंगराळ मुलखात असंतोष इतका वाढला की, १९२१ मध्ये चीडवृक्षांच्या राखीव वनांना आगी लागल्या. शासनास चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये तेथे वनपंचायतींचे नियम झाले. आजही उत्तराखंडात अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. सर्वच सारख्या जोमाने चालतात असे नाही. पण देशातील ही परंपरा जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

संयुक्त वनव्यवस्थापनात ‘संयुक्त’ हा शब्द असला तरी दोन्ही पारडी समान नव्हती. समिती वनखात्याने स्थापावयाची व प्रसंगी वनाधिकाऱ्याने ती बरखास्त करावयाची. तोड कधी करावयाची हेही खात्याच्या योजनेवर अवलंबून. २००६ मध्ये संसदेने संमत केलेल्या वनहक्क कायद्याने ह्या संबंधाचा पायाच बदलला. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी ह्यांच्या ग्रामसभेस सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात मान्य झाला. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने कोणी द्यावयाचे ह्यावर वाद राहिला, कारण जुना वनकायदा बांबूची गणना वृक्षांत करी, तर नवा कायदा त्यास गौण वनोपज मानतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले व गावाने आपला बांबू आपण विकला.

मेदिनीपुरात वन परतल्यावर एक अनपेक्षित पाहुणाही आला. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पश्चिमेकडील दलमा टेकड्यांतील हत्तींचे कळप भाताच्या हंगामात ह्या नव्या सालवनांतून पूर्वेकडे येऊ लागले. दिवसा वनात लपावे व रात्री पिकलेल्या शेतात उतरावे हा त्यांचा क्रम. पिके तुडवली जातात, घरे पडतात, माणसे दगावतात. ज्यांनी वन राखले त्यांच्याच शेतावर हा भार पडतो आणि त्याची नुकसानभरपाई चौथ्या हिश्श्याच्या मूळ करारात कोठेच धरलेली नव्हती.

तोडीच्या मुदतीचा प्रश्नही मिटलेला नाही. दहाव्या वर्षी तोडलेल्या सालापासून वासे व खांब मिळतात, इमारती लाकूड नव्हे. झाड अधिक काळ ठेवले तर त्याचे मोल वाढते, बी धरते, वन अधिक घनदाट होते. पण दाट छायेत खालची झुडुपे व त्यांपासून मिळणाऱ्या काटक्या कमी होतात आणि खुडण्याजोगी पाने हाताच्या उंचीपलीकडे जातात. पत्रावळी करणाऱ्या स्त्रीस फुटव्यांचे कोवळे वन हवे असते, हिश्श्याची वाट पाहणाऱ्यास वाशांचे आणि हत्तीस ते दोन्ही. म्हणून काही ठिकाणी वनाचे भाग पाडून दरवर्षी एकेका भागाची तोड केली जाते, म्हणजे एकाच गावाच्या सीमेत एक वर्षाच्या धुमाऱ्यांपासून दहा वर्षांच्या झाडांपर्यंत सर्व वयांचे साल उभे असते.